माळ्यावरच्या कॅसेटी आणि पीएच.डी.चा अर्ज

पत्र

मी 43 वर्षांची. कुडाळजवळच्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये मराठी आणि संगीत शिकवते. बी.ए. झाल्यावर नोकरी सांभाळून गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारद आणि अलंकार (गायन) या परीक्षा दिल्या. अलंकारला प्रथम श्रेणी आहे. एम.ए. संगीत बहिःस्थ केलं, त्यात 54.3 टक्के. ओबीसीत येते. आता पीएच.डी. करायची फार इच्छा आहे. विषयही ठरवलाय: ‘हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत आणि भक्तिसंगीत : एक चिकित्सक अभ्यास’. दोन प्राध्यापकांना मेल केले. एकांचं उत्तर आलं, ‘विषय फार व्यापक आहे’, इतकंच. घरी संगीताची आवड पहिल्यापासून. वडील भजनीबुवा होते, गिरणीत असताना मुंबईत आणि संपानंतर गावी येऊन डबलबाऱ्या (भजनांचे सामने) करायचे. त्यांच्या वह्या, कॅसेटी अजून माळ्यावर आहेत. ओळखीतला एक जण सिनॉप्सिससकट (संशोधनाच्या आराखड्यासकट) प्रबंध ‘तयार करून देतो’ म्हणतोय. गुरुजींचं म्हणणं, पीएच.डी.नं गळा सुधारत नाही. माझं वय आड येईल का? विद्यापीठ कुठलं घेऊ? आणि गुरुजींना न सांगता अर्ज भरला तर चालेल का?

उत्तर

ताई, आधी 54.3 चं बघू, कारण तिथेच अडलं तर पुढच्या बोलण्याला अर्थ नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीत पीएच.डी.साठी पदव्युत्तर पदवीला 55 टक्के लागतात आणि 54.3 चे 55 कुणी करून देत नाही. मात्र अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांग यांना 5 टक्क्यांची सूट आहे. म्हणजे नॉन-क्रीमीलेअरचं चालू मुदतीचं प्रमाणपत्र हातात असेल तर तुम्ही पात्र आहात. तहसील कचेरीतलं काम जाहिरात यायच्या आधी उरकून घ्या. जाहिरात ते शेवटची तारीख यात फार दिवस नसतात. नेटचा (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) फॉर्म भरणार असाल तर तिथे केंद्राच्या यादीप्रमाणे ओबीसीचं प्रमाणपत्र लागतं, राज्याचं चालत नाही. ते वेगळं काढून ठेवा.

अलंकारची प्रथम श्रेणी इथे मदतीला येणार नाही. मंडळ हे विद्यापीठ नव्हे, त्यामुळे पात्रतेच्या रकान्यात तुमचं एम.ए.च मोजलं जाईल. अलंकारसाठी जी मेहनत केलीत ती मुलाखतीत दिसेल, पण टक्क्यांत धरली जाणार नाही.

वयाचं काही नाही. पीएच.डी.च्या प्रवेशाला वरची वयोमर्यादा नसते. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीला असते आणि ती तुम्ही ओलांडली आहे. सध्या ती महिन्याला 37 हजार आहे, पण नोकरी सोडून पूर्णवेळ संशोधन करणाऱ्यांसाठी. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेची अधिछात्रवृत्तीही तशीच. तुम्ही पगार सोडणार नाही हे मी धरून चालतो, आणि सोडूही नका. अर्धवेळ पीएच.डी.ची सोय नियमातच आहे. त्यासाठी तुमच्या संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्या लागतात: अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपात संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.च्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) मोकळीक दिली जाईल. मुख्याध्यापकांनी तोंडी ‘करा हो, काही हरकत नाही’ म्हणणं यात धरलं जात नाही. मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणी करून दोन वाढतात, आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन. दहाच्या पुढे कुणालाच नाही.

आता गुरुजींचं वाक्य. ते बरोबर आहे. पीएच.डी.नं गळा सुधारत नाही. उलट काही वर्षं रियाजाचे तास खाल्ले जातात. तुमच्या पत्राचा सूर असा आहे की प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत सगळ्या परीक्षा झाल्या, आता वरची एकच राहिली. तसं नाही. अलंकारला तुम्ही किती जाणता आणि ते किती चांगलं मांडता हे पाहतात. पीएच.डी.ला, आजवर कुणाला ठाऊक नव्हतं असं काय तुम्ही शोधलंत, ते पाहतात. उत्तम गाणारी माणसं इथे अडकतात, आणि बेताचा गळा असलेली पण कान आणि कुतूहल शाबूत असलेली माणसं तरून जातात.

मिळणार काय, हेही मोकळेपणी सांगतो. शाळेतल्या तुमच्या पदात बदल होईल या आशेवर यात पडू नका. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं मनात असेल तर आधी नेट द्या. 2023 पासून त्या पदाला पीएच.डी.ची सक्ती उरलेली नाही आणि नेटच्या सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला वयाची अट नाही. (आयोगाच्या 2018 च्या नियमांत संगीतासाठी आणखी एक वाट आहे, नामवंत गुरूंकडे शिकलेल्या, आकाशवाणीच्या ‘ए’ ग्रेडच्या पदवीधर कलाकाराची. ती ग्रेड मिळवणं हे पीएच.डी.पेक्षा सोपं आहे असं मात्र कुणी समजू नये.) नावामागे डॉक्टर लावायचं असेल तर तीही इच्छा वाईट नाही. फक्त तेवढ्याच इच्छेवर सहा वर्षं रेटत नाहीत.

आता विषय. त्या प्राध्यापकांनी एका ओळीत उत्तर दिलं म्हणून तुम्ही नाराज दिसता. मला तर ते उत्तर पाठवण्याइतके सज्जन वाटले. ‘हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत आणि भक्तिसंगीत’ हा विषय नव्हे, हे ग्रंथालयातल्या कपाटावरचं लेबल आहे. यात प्रश्न कुठे आहे? काय माहीत नाही म्हणून शोधायचंय? शीर्षकाला ‘चिकित्सक अभ्यास’ जोडल्यानं चिकित्सा होत नाही. असे प्रबंध ढिगानं आहेत. पहिलं प्रकरण सामवेदात सुरू होतं, दुसरं ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाशी थांबतं, तिसऱ्यात संतांची चरित्रं, चौथ्यात रागांची माहिती, आणि लेखकाचं स्वतःचं म्हणणं शेवटच्या दहा पानांत. शोधगंगा हे संकेतस्थळ उघडा. देशभरच्या विद्यापीठांतले प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. ‘भक्तिसंगीत’ टाकून शोधलंत की मी काय म्हणतोय ते कळेल.

आणि हे सगळं लिहिताना तुम्ही वडिलांना एका वाक्यात गुंडाळलंत. गिरणीत असताना मुंबईत, संपानंतर गावी. वह्या आणि कॅसेटी माळ्यावर. ताई, तुमचा विषय माळ्यावर आहे.

ज्यांनी डबलबारी ऐकलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दोन भजनीबुवा आपापलं मंडळ घेऊन समोरासमोर बसतात. बुवा स्वतः पेटीवर, शेजारी पखवाज, मागे झांजा आणि कोरस. आळीपाळीनं बाऱ्या होतात. अभंग, गौळण, गजर असं पुढे सरकत रात्र चढते, आणि गजरापर्यंत समोरच्या बुवाला चिमटे काढणं, कोडी घालणं, त्याच्या कोड्यांना उत्तरं देणं रंगात आलेलं असतं. चाली नाट्यपदांच्या, सिनेमाच्या, कुठल्याही. सिंधुदुर्गात आणि मुंबईतल्या चाकरमान्यांत याचं वेड किती आहे हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता तुमच्याच वाक्यातून प्रश्न काढू. गिरणी संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला. त्यानंतर हजारो गिरणी कामगार कोकणात परतले, त्यात तुमचे वडील. ते चाळीतल्या भजनाची सवय घेऊन आले असणार: तिथल्या चाली, तिथला श्रोता, सिनेमा, नाटकं. मग 1982 नंतर जिल्ह्यातल्या डबलबारीत काय बदललं? चालींचा साठा बदलला का? पट्टी चढली का? गजराचा वेळ वाढला आणि अभंगाचा घटला का? की काहीच बदललं नाही, कारण गाव आणि गिरणगाव यांच्यात बुवांची ये-जा आधीपासूनच होती? हा प्रश्न आहे. याचं उत्तर मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही, आणि ते शोधायला लागणारी साधनं तुमच्या घरात पडून आहेत. उत्तर ‘बदललं नाही’ असं आलं तरी प्रबंध उभा राहतो. संपामुळे अमुक झालं असं आधीच ठरवून मात्र बसू नका.

वह्या उघडाल तेव्हा नुसते अभंग वाचू नका, कडेला काय लिहिलंय ते पाहा. बरेच बुवा अभंगाच्या डोक्यावर चाल कशावरून घेतली ते टिपून ठेवतात. तसं असेल तर तुमच्याकडे एका बुवाच्या चालींचा इतिहास त्याच्याच अक्षरात आहे. शाई बदलली, पेन बदललं, कडेला एखादं गावाचं नाव किंवा जत्रेची तारीख आहे, सगळं नोंदवा. पानांचे फोटो काढा आणि वह्या ज्या क्रमानं ठेवलेल्या सापडतील तो क्रम मोडू नका.

कॅसेटी आजच खाली काढा, पण लगेच डेकमध्ये घालू नका. कोकणातल्या दमटपणात टेपवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट वाजवलीत तर टेपही जाते आणि डेकचं हेडही खराब होतं. बुरशीवाल्या वेगळ्या ठेवा, त्या जाणकाराकडूनच साफ करून घ्यायच्या. बाकीच्या चांगल्या डेकवरून एकदाच, नीट, संगणकावर उतरवून घ्या: वेव्ह फाइल, 24 बिट, 96 किलोहर्ट्झ, निदान 48. एमपीथ्री फक्त रोज ऐकायला. तारखा कव्हरवर असतील, नसतील; बुवा गाताना ‘या सातेरीच्या जत्रेत’ असं म्हणून गेला की गाव आणि वेळ हाती लागते. स्वरलेखन तुम्हाला येतंच. पण मधले चिमटे, श्रोत्यांची दाद, झांजांची लय एकदम चढते ती जागा, हे भातखंडे लिपीत मावत नाही. त्यासाठी स्वतःच्या खुणा ठरवाव्या लागतील, आणि त्या कशा ठरवल्या हेही प्रबंधात लिहायचं. पट्टी आणि लय मोजायला प्राट, सोनिक व्हिज्युअलायझर अशी फुकट सॉफ्टवेअर आहेत. त्यांचे आलेख पानापानावर डकवण्याचा मोह होतो. आलेखानं तुमचं म्हणणं पुढे सरकत नसेल तर तो काढून टाका.

एक अडचण आताच सांगतो. तुम्ही बुवांची मुलगी आहात. त्यामुळे दारं उघडतील, आणि त्याचमुळे समिती विचारेल की वडिलांचं कौतुक आणि संशोधन यांत फरक कसा राखणार? उत्तर बारीच्या रचनेतच आहे. बारी एका बुवाची नसते. वडिलांच्या समोर जे जे बसले त्यांच्या घरी जा, त्यांच्या कॅसेटी, त्यांच्या आठवणी, त्यांच्या शिष्यांचं म्हणणं मिळवा. वडील ज्या बाऱ्यांत फिके पडले त्या आधी ऐका. आणि तुमचं नातं प्रस्तावात स्वतःहून, पहिल्याच पानावर लिहा. समोरच्या बुवांच्या घरच्यांकडून रेकॉर्डिंग वापरायची परवानगी लेखी घ्या. गजरातले चिमटे कधी वैयक्तिक, कधी अश्लीलही असतात, आणि ज्यांच्यावर काढले ती माणसं किंवा त्यांची मुलं आज त्याच गावात आहेत.

सिनॉप्सिस मोठा नको. तुमचा प्रश्न, त्यावर आजवर कुणी काय लिहिलंय, तुमच्याकडे साधनं कोणती (किती वह्या, किती कॅसेटी, कुठल्या वर्षांच्या), त्यांचं काय करणार आणि किती काळात. काळ आखून घ्या, 1982 ते 2000 म्हणा. प्रदेशही आखा, एक-दोन तालुके पुरेत. जिल्हाच 1981 साली रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या कागदांत ‘सिंधुदुर्ग’ शोधत बसू नका. मराठीत लिहायचं असेल तर त्या विद्यापीठात संगीताचा प्रबंध मराठीत चालतो का, हे अर्जाआधी विचारा. विषय पाहता मराठीच बरी.

विद्यापीठ कुठलं, हा तुमचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. विषय ठरला की मार्गदर्शक शोधायचा आणि तो जिथे असेल ते विद्यापीठ. सिंधुदुर्ग मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत येतो म्हणून तिथेच अर्ज करावा असं बंधन नाही. मुंबईला संगीत विभाग आहे, शिवाय लोककला अकादमी आहे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग तुम्हाला घाट चढून जवळ. पुण्याला ललित कला केंद्र. तुमचा विषय संगीत आणि लोककला यांच्या सीमेवर बसतो, म्हणून संगीताचे मार्गदर्शक आणि दुसऱ्या विभागातले सहमार्गदर्शक अशी जोडी जमते का ते विचारा. नियमात त्याला जागा आहे.

मार्गदर्शकाकडेही जागा मोजक्या असतात: प्राध्यापकाकडे आठ, सहयोगीकडे सहा, सहायककडे चार विद्यार्थी. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. नावाजलेले म्हणून मेल करायच्या आधी एवढी चौकशी विभागाच्या कार्यालयात फोन करून होते. मेल करताना पाच ओळी पुरे: मी कोण, प्रश्न काय, साधनं काय, तुमच्या मार्गदर्शनाखाली झालेला अमुक प्रबंध मी वाचला आणि त्यातलं हे मला उपयोगी वाटलं, भेटायला कधी येऊ? तो प्रबंध खरोखर वाचलेला असावा, भेटीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. ‘आदरणीय गुरुवर्य, आपल्या चरणी’ असली सुरुवात गुरुपौर्णिमेसाठी राखून ठेवा.

प्रवेशाच्या दोन वाटा आहेत: विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा किंवा नेट. 2024-25 पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी धरता येतात. ते वर्षभर चालतात आणि त्यांना 70 टक्के, मुलाखतीला 30 टक्के वजन असतं. नेट वर्षातून दोनदा होते, संगीताचा पेपर हिंदी किंवा इंग्रजीतून. मराठीतून नाही, तेव्हा पारिभाषिक शब्द हिंदीतून पाहून ठेवा. विद्यापीठाच्या परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे असतात आणि गाणाऱ्यांची विकेट तिथेच जाते. गृहीतक, नमुना निवड, प्राथमिक आणि दुय्यम साधनं, सहभागी निरीक्षण, संदर्भसूची, हे दोन महिने नेमानं वाचलंत की निघतं. शास्त्राचा भाग तुमचा अलंकारपासून तयार आहे. प्रवेशानंतर 12 ते 16 क्रेडिटचं कोर्सवर्क असतं. शनिवार-रविवारी होतं की मधल्या वारी, हे आधी विचारा. कुडाळहून मुंबईला दर मंगळवारी जाणं कोकण रेल्वे असली तरी जमायचं नाही.

‘तयार करून देतो’ म्हणणाऱ्याचा नंबर फोनमधून काढा. चोरी सापडली तर आयोगाच्या 2018 च्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या नियमांनुसार प्रबंध परत येण्यापासून नोंदणी रद्द होण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. न सापडली तरी दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे उभं राहून काय केलं ते सांगायचं असतं, आणि शेवटी खुली मौखिक परीक्षा. प्रबंध दुसऱ्यानं लिहिलाय हे प्रश्नोत्तरांत समोरच्यांना दहाव्या मिनिटाला कळतं. शिवाय त्या गृहस्थाकडे तुमच्या वडिलांच्या वह्या नाहीत. तो तुम्हाला सामवेदच लिहून देणार.

राहिले गुरुजी. न सांगता अर्ज भरू नका. लपवलेली गोष्ट कुडाळसारख्या गावात आठवडाभर टिकत नाही, आणि दुसऱ्याकडून कळलं तर त्यांना लागेल. पण परवानगी मागायलाही जाऊ नका. तुम्ही 43 वर्षांच्या आहात. विषय पक्का झाला की जा आणि सांगा की गळ्यासाठी नाही, वडिलांच्या बाऱ्यांसाठी करतेय. उतरवलेली एखादी बारी सोबत न्या आणि चालीत राग कुठे कुठे मोडलाय ते त्यांना विचारा. त्यांचा कान तुम्हाला पुढची पाच वर्षं लागणार आहे. तालीम सोडू नका. कोर्सवर्कचं वेळापत्रक लागलं की वार तेवढा बदलून मागा.